कलेक्टरच्या अंगावरचे हात

१

मंगळवारी सकाळी कोंडिबानं कलेक्टरला साबणाच्या पाण्यातून वर उचललं आणि घराकडे तोंड करून ओरडायलाच लागला. पांढरा कोंबडा लाल झाला होता. छाती लाल, पाठ लाल, मानेच्या डाव्या बाजूला एक लाल गोल. घमेल्यातलं पाणीसुद्धा तांबूस दिसत होतं.

"अगं ए, पळ! कलेक्टरला कुणी तरी मारला!"

कलेक्टर हे कोंबड्याचं नाव. खुटबावात खरा कलेक्टर कधी आला नव्हता, पण आला असता तर तो असाच चालला असता, असं कोंडिबाचं मत होतं. मान ताठ, अंगावर डाग नाही, पायाखाली काय आहे ते बघायचं नाही, आणि दाणा कुणाचाही असो, पहिली चोच आपली. गेले चार महिने कोंडिबा त्याला शिरूरच्या पशुपक्षी प्रदर्शनासाठी तयार करत होता. सकाळी भिजवून मोड आणलेली ज्वारी, पिसांना चकाकी यावी म्हणून चिमूटभर जवस, दुपारी ताक आणि त्यात बारीक चिरलेली कांद्याची पात. मका वर्ज्य, कारण मका खाल्ला की नवं उगवणारं पांढरं पीस पिवळट पडतं. ऊनही वर्ज्य, त्याच कारणासाठी. तुऱ्याला आणि पायांना खोबरेल. शिवाय रोज पाव तास पिंजऱ्यात उभं करून, वेताच्या काडीनं हलकेच छातीला स्पर्श करत ऐटीत उभं राहण्याची शिकवणी.

"माझ्या बाळंतपणात ह्याच्या निम्मं केलं असतं, तर मी बी प्रदर्शनात उभी ऱ्हायली असती," असं त्याची बायको साखरबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

प्रदर्शन शनिवारी होतं. आंघोळ चार दिवस आधी घालायची, म्हणजे पिसांचं गेलेलं तेल परत येतं, हा नियम कोंडिबाला पाठ होता. त्यात सोमवारी कोंबडा उजेडात आणल्यावर त्याच्या छातीवर पिवळट झाक दिसली होती, त्यामुळे मंगळवारी कपड्याचा साबण जरा सढळ हातानं लागला. आणि त्या पिवळ्याचं असं झालं.

साखरबाई पिठाच्या हातानं धावत आली, वाकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अवं, रगात न्हाई ते. हळद हाय. हळदीला साबण लागला की लाल हुती. इतकी वर्सं झाली संसाराला, कवा एक कापड धुतलं असतं तर ठावं असतं."

"हळद? कोंबड्याला हळद कोण कशाला लावंल?"

विचारता विचारता उत्तर कोंडिबाच्या डोक्यात येऊन बसलं, आणि त्याचा चेहरा कोंबड्यापेक्षा लाल झाला.

रविवारचा दिवस तसा चांगला गेला होता. सकाळी कोंडिबा गावाबाहेर बिरोबाला नारळ फोडून आला, आल्या आल्या कलेक्टरची विचारपूस केली, आणि दुपारी कोरेगाव भीमाहून पाहुणे आले. पाहुणे म्हणजे आनंदराव, त्यांची बायको धुरपदाबाई आणि मुलगा सुरज. सुरजचं आणि कोंडिबाच्या प्रगतीचं लग्न ठरलं होतं, साखरपुडाही झाला होता, फक्त तारीख काढायची होती. आता नशिबाची थट्टा बघा. शिरूरच्या प्रदर्शनात गेली तीन वर्षं पहिला नंबर याच आनंदरावांच्या कोंबड्याचा यायचा आणि दुसरा कोंडिबाचा. सुरजनं प्रगतीला पहिल्यांदा पाहिलं तेही तिथंच, दोन पिंजऱ्यांच्या मधून.

रविवारी ओसरीवर धुरपदाबाईंनी आणलेलं हळदीकुंकवाचं ताट होतं. जेवणं झाल्यावर आनंदराव हात पुसत म्हणाले होते, "जरा कोंबडा बघून येतो," आणि एकटेच खुराड्याकडे गेले होते. येताना त्यांनी मक्याची कणसंही आणली होती. भरीस भर.

कोंडिबा तसाच ओला कोंबडा काखेत घेऊन नळावर गेला. तिथं बारा बायका हंडे लावून उभ्या होत्या, म्हणजे अख्खं गाव उभं असल्यासारखंच.

"ज्या हातानं माझ्या कलेक्टरला हळद लावली, त्या हाताच्या घरात माझी लेक ऱ्हाणार न्हाई! बिरोबाची आण!"

शेजारच्या भैरूला त्यानं सोसायटीच्या ऑफिसात पिटाळलं आणि कोरेगावला फोन करून हा निरोप शब्दाला शब्द सांगायला लावलं. भैरूला असली कामं मनापासून आवडायची.

दुपारी भाकरी खायला बसताना कोंडिबानं हाक मारली, "प्रगे, पाणी दे." कुणी आलं नाही. साखरबाईनं आत बघितलं, परसात बघितलं, मग दारात येऊन उभी राहिली.

"अवं, पोरगी घरात न्हाई. पिशवी बी न्हाई. अकराच्या शटलनं दौंडला गेली म्हणत्यात."

२

गावानं सुरजचंही नाव जोडून टाकलं होतं, तोवर पाचच्या गाडीनं प्रगती परत आली. तिच्याबरोबर साठीची एक काटकुळी बाई होती, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि हातात बोचकं.

"आबा, ह्या जाईमावशी. आईच्या माह्यारच्या आळीतल्या. डाग काढत्यात."

दौंडला रेल्वे क्वार्टर्सजवळ जाईबाईंची लाँड्री होती. तीस वर्षं त्यांनी गार्डांचे पांढरे कोट धुतले होते. डाग काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण त्यांचं खरं नाव झालं होतं ते डाग वाचण्यात. एकदा एका कोटावरचा चहाचा डाग बघून त्या म्हणाल्या होत्या, "साहेब ड्युटीवर आडवे झाले होते. उभ्या माणसाचा चहा खांद्याकडं वाहत नाही." तो गार्ड पुढे कपडे घरीच धुऊ लागला.

कोंडिबा हरखला. "मावशी, लवकर काढा. शनवारी प्रदर्शन हाय."

"डाग आधी वाचायचा असतो, मग धुवायचा," जाईबाई म्हणाल्या आणि कलेक्टरला मांडीवर घेऊन बसल्या. कोंबड्यानं एकदा चोच मारून बघितली, पण बाईंनी गार्डांना सरळ केलं होतं. तो गप्प बसला.

त्यांनी एकेक पीस बाजूला केलं. छातीखाली एक रुंद डाग, त्याच्या एका कडेला अंगठ्याएवढा फाटा, आणि तिथून दोन लाल रेघा दोन्ही मांड्यांच्या आतून गेलेल्या. पाठीवर दुसरा रुंद डाग. मानेवर डाव्या बाजूला एक गोल, लहान वाटीएवढा. बाकी कोंबडा स्वच्छ होता. बाईंनी प्रगतीची वही मागून त्यावर कोंबडा काढला आणि डाग मांडले.

"हळद टाकलेली नाही, फासलेलीही नाही," त्या म्हणाल्या. "हळदीच्या हातानं कुणीतरी उचललाय ह्याला. बघा, हा एक तळहात, हा दुसरा. आणि पाय बोटांच्या बेचक्यात धरलेत."

कोंडिबा उडालाच. कोंबडा असा उचलायची एक रीत असते. एक तळहात छातीखाली, पाय बोटांच्या बेचक्यात, दुसरा हात पाठीवर. प्रदर्शनातले जनावरांचे डॉक्टर असाच उचलतात आणि दाखवणाऱ्यानंही असाच उचलायचा असतो.

"मावशी, ह्या भागात असा कोंबडा उचलणारी दोनच माणसं. एक मी. आन् दुसरं आनंदराव!"

"आणि हा मानेवरचा गोल कशाचा?"

कोंडिबाला त्या गोलाशी काही घेणं नव्हतं. चोर सापडला होता.

जाईबाईंनी बोचक्यातून लिंबं काढली. लिंबाचं पाणी लागलं आणि लाल डाग बघता बघता पुन्हा पिवळे झाले. कोंडिबानं डोक्याला हात लावला.

"आता ह्याला तीन दिवस उन्हात ठेवायचा," जाईबाई म्हणाल्या. "हळदीचा रंग उन्हाला भितो."

"उन्हात? चार महिनं ह्याला सावलीत ठिवलाय मी! उन्हानं पांढरं पीस पिवळं पडतं!"

"ते महिन्या-दोन महिन्यांनी. आत्ता पिवळाच आहे, अजून काय पिवळा पडणार?"

बुधवारी सकाळी कलेक्टरचा पिंजरा अंगणात आला, आणि कोंडिबा स्वतः छत्री घेऊन त्याच्या शेजारी बसला. छत्री कोंबड्यावर धरायचा मोह त्याला दोनदा झाला आणि दोन्ही वेळा बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

मग चौकशी सुरू झाली. पहिली साखरबाई. जाईबाई तिच्या मागून कपडे वाळत घालायला गेल्या.

"मला कशाला इचारता?" साखरबाई म्हणाली. "हळद माझ्याच घरातली, राग बी माझाच. पर मला त्याला काय करायचंच असतं, तर मी हळदीबरोबर मीठमसाला बी लावला असता."

जाईबाई हसल्या. दोरीवर एक पांढरा सदरा होता, बाह्यांवर आणि छातीवर पुसट गुलाबी.

"हा?"

"ह्यांचा आइतवारचा. दोनदा धुतला, जाईना."

"राहू दे उन्हात," एवढंच जाईबाई म्हणाल्या आणि सदरा उलटा करून पुन्हा नीट टाकला.

दुसरा भैरू. त्याचाही एक काळा कोंबडा प्रदर्शनाला जाणार होता, आणि रविवारी त्यानं बैलाच्या खांद्याला हळद-तेल लावलं होतं, असं त्यानं कुणी न विचारताच सांगून टाकलं. सांगून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं.

"म्हंजी... मावशी, हळद व्हती हाताला, पर मी हिकडं फिरकलो न्हाई. कोंडिबा मला कलेक्टरपासनं दहा पावलं लांब ठिवतोय. माझी नजर लागती म्हणं."

तेवढ्यात सोसायटीचा शिपाई सायकलवरून आला. कोरेगावहून उलट फोन होता. आनंदराव उद्या येत होते. साखरपुड्याला दिलेला नारळ, साडी, सगळं परत करायला.

प्रगतीच्या हातातली वही खाली पडली. ती उचलायला ती वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. कोंडिबानं ते बघितलं, आणि छत्री मिटून उगाचच पुन्हा उघडली.

३

गुरुवारी दहाला आनंदरावांची एम-एटी गाडी दारात थांबली. उंच, शांत, कमी बोलणारा माणूस. आज अजून कमी बोलत होता. पिशवी त्यांनी ओसरीवर ठेवली आणि उभेच राहिले.

"पाव्हणं, तीन वर्सं पहिला नंबर घेतला, तो कोंबडा पाळून घेतला. दुसऱ्याचा रंगवून न्हाई. हे तुमचं सामान."

"बसा," जाईबाई म्हणाल्या. "मी दौंडची परटीण. दोन प्रश्न विचारते, मग जा."

बाईमाणसाला नाही म्हणणं आनंदरावांना जमत नसे. ते बसले. प्रगती चहा घेऊन आली. आनंदरावांनी डावा हात पुढे केला, कप घेतला, मग तिच्या तोंडाकडे बघून नजर खाली वळवली. ही पोर त्यांनी मनानं घरात आणून ठेवली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"रविवारी कोंबडा बघायला गेलात, तेव्हा हात लावला?"

"न्हाई. दुसऱ्याच्या तयारीच्या पाखराला मालक नसताना हात लावू नये. एवढं कळतंय मला."

"आणि दिसला कसा?"

आनंदराव घुटमळले. "खुराड्यात उजेड कमीच व्हता. पर छातीला जरा पिवळसर वाटला. मनात म्हणलं, पाव्हणं चोरून मका घालत्यात जणू वजन वाढवायला. आन् गप बसलो."

"खोटं!" कोंडिबा गरजला. "मी? मका?"

"आन् मी? हळद?"

दोघं समोरासमोर आले. दोघांच्याही माना ताठ, छाती पुढे, आणि पिंजऱ्यातला कलेक्टर या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. साखरबाईनं तोंडाला पदर लावला.

"भांडण नंतर," जाईबाई म्हणाल्या. "आधी सगळ्यांनी माझी एक कोंबडी उचलायची."

साखरबाईची एक म्हातारी कोंबडी होती, अंडी द्यायची विसरलेली. बाईंनी तिच्याभोवती पांढरं फडकं गुंडाळलं, नुसती मान आणि पाय बाहेर. इस्पितळातल्या पेशंटसारखी ती सगळ्यांकडे बघू लागली. मग बाईंनी बशीत नीळ कालवली.

"प्रत्येकानं निळीत हात बुडवायचे आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीनं हिला उचलायचं. प्रत्येकाला वेगळं फडकं."

अंगणात एव्हाना नळावरच्या बारा बायका हजर झाल्या होत्या. भैरूनं भाजीची पिशवी उचलावी तशी कोंबडी दोन्ही पंखांना धरून उचलली, ती जोरात ओरडली. साखरबाईनं तिला कडेवर घेतली, लहान मूल घ्यावं तशी. आनंदरावांनी कोंबडी उचलली, अगदी रीतीनं. तळहात छातीखाली, पाय बेचक्यात, दुसरा हात पाठीवर.

"बघा! बघा!" कोंडिबा नाचायचाच बाकी होता.

आनंदरावांनी कोंबडी खाली ठेवली, हात धुतले, पिशवीकडे बोट दाखवलं आणि कुणाकडेही न बघता गाडीला किक मारली.

"कोंडिबा, तुम्हीपण उचला," जाईबाई म्हणाल्या. "नमुना असलेला बरा."

कोंडिबानं खुशीत हात निळे केले, कोंबडी उचलली, आणि सवयीनं मान खाली घालून आपलं कपाळ तिच्या मानेला टेकवलं. घटकाभर डोळे मिटले. मग खाली ठेवली.

जाईबाईंनी ते पाहिलं. बायकांना त्यांनी हातानंच घरी जायला सांगितलं. चारही फडकी त्यांनी दोरीवर एका ओळीत टांगली, शेजारी वहीचा कागद धरला, आणि एकेक डाग ताडून बघितला.

"कोंडिबा," शेवटी त्या म्हणाल्या, "घरात चला. हे चारचौघांत सांगायचं नाही."

४

माजघरात चौघंच होते. नवरा, बायको, लेक आणि जाईबाई.

"भैरू नाही," बाईंनी सुरुवात केली. "तो पंखांना धरतो, कोंबड्याच्या पंखांवर डाग नाही. साखरबाई नाही. ती कडेवर घेते, डाग एकाच कुशीला पडला असता. राहिले आनंदराव. धरायची रीत तीच. पण ते डावखुरे आहेत. चहा डाव्या हातानं घेतला, कोंबडीही डाव्या तळहातावर घेतली. त्यांच्या फडक्यावर अंगठा एका बाजूला आहे आणि कलेक्टरच्या छातीवर बरोबर उलट्या बाजूला. कलेक्टरला उचलणारा उजव्या हाताचा आहे."

"मग उरलं कोण?" कोंडिबानं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

साखरबाई नवऱ्याकडे बघत होती.

"दुसरी गोष्ट," जाईबाई म्हणाल्या. "आनंदरावांनी कोंबडा बघितला तेव्हाच तो पिवळा होता. म्हणजे हळद पाहुणे यायच्या आधीची. तिसरी, मानेवरचा गोल. वाईट करायला आलेला माणूस कोंबड्याच्या मानेला कपाळ टेकवत नाही. ज्याचा जीव आहे, तोच टेकवतो. कोंडिबा, रविवारी सकाळी तुम्ही कुठं होता?"

"बिरोबाला. लगीन नीट पार पडू दे म्हणलं."

"तिथं काय उधळता?"

"भंडारा. म्हंजी काय, त्यात काय इचारायचं?"

"घरी आल्यावर हात धुतले?"

"भंडारा कुणी धुतंय व्हय?" कोंडिबा चक्क चिडला. "देवाचा असतो त्यो. आपल्या आप झडू द्यायचा. कपाळाचा बी न्हाई पुसायचा. आमच्या आज्यापासनं..."

आणि त्याची नजर आपल्याच तळहातांवर गेली.

आजोबा मेंढरांमागे हिंडायचे तेव्हापासून या घरात रविवारी भंडाऱ्याच्या हळदीनं सगळ्यांची कपाळं आणि तळहात पिवळे असत. जन्मापासून जे रोज बघायचं, ते दिसत नाही. कोंडिबानं सगळ्या गावाचे हात मनात तपासले होते. आपले तेवढे तपासायचे राहून गेले होते.

"सदऱ्यावर पण तोच डाग आहे," जाईबाई हळूच म्हणाल्या. "दोरीवर कालच बघितला."

कोंडिबा खाली बसला. त्याला बिरोबापुढचं आपलं मागणं आठवलं, नळावरची आपली आण आठवली, आणि ओसरीवर पडलेली ती पिशवी.

"मावशी, कुणाला सांगू नका," तो पुटपुटला.

"मी डाग काढते. डाग कुणाचा ते सांगत फिरत नाही, नाहीतर लाँड्री चालली असती का? ते तुमचं तुम्ही बघा."

मग प्रगती उठली. ओसरीवर जाऊन तिनं पिशवी आत आणली आणि बापासमोर ठेवली.

"आबा, तुम्ही बिरोबाची आण घेतली. ज्या हातानं हळद लावली, त्या हाताच्या घरात माझी लेक ऱ्हाणार न्हाई."

"व्हय गं, पर..."

"मग मला आता ह्या घरात ऱ्हाता येत न्हाई. देवाची आण हाय. कुठं धाडताय, आन् कवा धाडताय, तेवढं सांगा."

साखरबाई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंडिबाच्याही डोळ्यांत आलं, पण तो हसत नव्हता. आनंदरावांना तोंड दाखवायचं कसं, हे त्याला सुचत नव्हतं, आणि दाखवल्याशिवाय सुटका नव्हती.

शुक्रवारी भैरूकडून त्यानं कोरेगावला दोनदा फोन करवला. दोन्ही वेळा पलीकडून सांगण्यात आलं, आनंदराव बोलत नाहीत.

५

शनिवारी पहाटेच्या एस.टी.नं चौफुल्यावरून सगळे शिरूरला पोचले. तीन दिवसांच्या उन्हानं जाईबाईंचा शब्द खरा केला होता. कलेक्टर पांढरा होता. अगदी जवळून बघितलं तर छातीवर सायीची झाक दिसत होती, पण तेवढं जवळून बघायला तो कुणाला देत नसे.

मांडवात पिंजऱ्यांच्या रांगा. कलेक्टरशेजारच्याच पिंजऱ्यात आनंदरावांचा तांबडा कोंबडा होता. आनंदराव त्याच्यापाशी पाठ करून उभे होते. सुरज आईबरोबर थोडा लांब, आणि त्याची नजर प्रगतीवर. कोंडिबानं दोनदा "पाव्हणं" म्हणून हाक मारली. पाठ हलली नाही.

परीक्षक डॉक्टर पिंजऱ्यापिंजऱ्यानं येत होते. त्यांच्याबरोबर माईक घेतलेला एक निवेदक होता, आणि दरवर्षीच्या रीतीप्रमाणे तो प्रत्येक मालकाला विचारत होता, "पाहुणे, खुराक काय देता? लोकांना सांगा." मालक आपापला खुराक सांगत. खरी गोष्ट हातची राखून बाकीचं सांगायचं, असा अलिखित नियम होता. आनंदरावांनीही "ज्वारी, बाजरी, कोंडा" एवढ्यावर भागवलं.

माईक कोंडिबापुढे आला.

"सकाळी मोडाची जवारी," कोंडिबा म्हणाला. कर्ण्यातून आपलाच आवाज ऐकून तो दचकला. "चिमूटभर जवस. ताक, कांद्याची पात. मका न्हाई." मग तो थांबला. निवेदक माईक काढून घ्यायला लागला, तसा त्यानं तो घट्ट धरला.

"आन् आइतवारी भंडारा."

लोक हसले. डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर बघितलं.

"हसू नका. देवाला गेलो, हात न धुता ह्याला उचलला, आन् त्यो पिवळा पडला. मग धुतला तर लाल झाला. मी खुळ्यानं काय केलं, माझे हात बघायचे सोडून ह्या पाव्हण्यांवर आळ घेतला. सबंध गावाम्होरं. ज्यांनी माझ्या कोंबड्याला हात बी लावला न्हाई, त्यांच्यावर." त्यानं माईक तोंडाजवळ आणला. "तीन वर्सं त्यांचा पहिला आला, तो बरोबर आला. चांगल्या घरात पोरगी चालली व्हती, मीच आडवा आलो. आता त्यांनी न्हाई म्हणलं तरी माझी तक्रार न्हाई. पर आळ खोटा हाय, एवढं समद्यांनी ऐका."

गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदाच प्रदर्शनात उभं राहून कोंडिबाचं आपल्या कोंबड्याकडे लक्ष नव्हतं. तो त्या पाठीकडे बघत होता.

आनंदराव सावकाश वळले. त्यांनी कोंडिबाकडे बघितलं, प्रगतीकडे बघितलं, मग डावा हात पुढे करून माईक घेतला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "ह्या लग्नात पहिली हळद तर तुमच्या कोंबड्यालाच लागली. आता पोरांची कवा लावायची, तेवढं बोला."

सगळा मांडव हसला. साखरबाईनं तिथंच धुरपदाबाईंना मिठी मारली. दोघं बाप पिंजऱ्यांच्या मागे ज्वारीच्या पोत्यावर टेकले, भैरूनं कुठूनसं पंचांग पैदा केलं, आणि वैशाखातली तारीख बरी की चैत्रातली यावर तासभर खल झाला. चैत्रातली ठरली. तेवढ्यात परीक्षकांनी पहिला नंबर पाटसच्या कुणा अनसाबाईंच्या कोंबड्याला देऊन टाकला होता, आणि ते या दोघांना मांडव उतरवायला लागल्यावर कळलं.